पावण्याची बाव

इब्राहीमचाचा माणसाला त्याचं नाव कधी विचारत नसत. खालापूरच्या कचेरीबाहेर जांभळाखाली त्यांचं टेबल असे. अर्ज लिहून द्यायचे, जुनी मोडी वाचून द्यायचे. समोर कुणी बसला की पहिला प्रश्न, "घरात हाक काय मारत्यात?" हुद्देदार माणसं चपापत. एका निवृत्त साहेबांना भर गर्दीत "बाळ्या" असं सांगावं लागलं होतं.

त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आपला पूर्वज सरदार निघावा असं वाटे. म्हशी राखणारा पूर्वज कुणालाच नको होता. त्या काळी म्हशी बहुधा आपल्या आपणच चरून येत असाव्यात.

आमच्या भावकीने कुळाचं पुस्तक काढायचं ठरवलं. कर्जतला रिकामा बसलेला निवृत्त मास्तर म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. जुन्या कागदांत जिथे तिथे धर्मा गोमा. गावाची विहीर खणणारा धर्मा गोमा, आणि जंगलातला साग चोरताना पकडला गेलेलाही धर्मा गोमाच. चाचांनी कागद दोनदा वाचले आणि म्हणाले, हे दोघे आहेत, आजा आणि नातू. धर्माचा गोमा, गोमाचा पुन्हा धर्मा. आजा वारला की नातवाला त्याचं नाव.

"पन मास्तर, सून सासऱ्याचं नाव घेईल का? तिनं पोराला दुसरीच कायतरी हाक मारली असंल. ती शोधा. कागदात नाय गावायची. म्हाताऱ्या बायांकडं गावंल."

ती चौक गावी गावली. नव्वदीच्या ठमाआक्का म्हणाल्या, माझ्या आईचे वडील धर्मा. त्यांना त्यांच्या आईने जन्मभर 'पावण्या' म्हटलं. आमच्या भावकीच्या गावातल्या विहिरीला अजून 'पावण्याची बाव' म्हणतात. वाटसरू पाणी प्यायचे म्हणून ते नाव पडलं, असं मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आलो होतो.

म्हणजे विहीर नातवाची. आम्ही आज्याच्या दुसऱ्या मुलाचे वंशज; आमच्या वाट्याला साग. पावण्याला एकच मुलगी, म्हणून वंशावळीत त्याची फांदीच नव्हती. ठमाआक्कांनी एवढंच मागितलं, माझ्या आज्याचं, पावण्याचं, वेगळं पान छापा. मी शब्द दिला.

भावकीचे अध्यक्ष दादासाहेब, चार फार्महाऊसांचे मालक, तोवर गावच्या कमानीवर 'विहिरीचे जनक, आमचे मूळपुरुष धर्मा गोमा' असं कोरून मोकळे झाले होते. धर्मा तो धर्मा, नाव तर येतंय ना, असं ते मला म्हणाले. मी वाद घातला नाही; पुस्तकातही एकच धर्मा छापला. प्रकाशनाला माझा सत्कार होता. शाल चांगली होती.

पुस्तक चाचांना नेऊन दिलं. मूळपुरुषांचं पान त्यांनी हळू वाचलं.

"नाव बरोबर लिवलंय, मास्तर," ते म्हणाले. "मानूस तेवढा खोडलाय."

मग विचारलं, आक्कांना तुम्ही सांगणार की मी सांगू? मी म्हणालो, मीच जातो, पुढच्या आठवड्यात.

असे बरेच आठवडे गेले. चाचा गेल्याचं मला कळलं तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते.

मग मात्र चौकला गेलो, कबुली द्यायची तयारी करून. ठमाआक्कांनी फडक्यात बांधलेलं तेच पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. चाचांनी आणून दिलं होतं. आक्कांना वाचता येत नाही. चाचांनी पावण्याचं पान त्यांना वाचून दाखवलं होतं, दोनदा.

तसं पान त्या पुस्तकात नाही. कागदावर नसलेला काना-मात्रा ज्याने जन्मात वाचला नाही, त्या माणसाने अख्खं पान मनाने वाचलं होतं.

"चाचा गेला. आता तुमी वाचा," आक्का म्हणाल्या.

मी चष्मा लावला, मूळपुरुषांच्या पानावर बोट ठेवलं आणि सुचेल ते वाचू लागलो. बाव, तिचा कातळ, उन्हाळ्यातही न आटणारं पाणी. आक्का मान हलवत ऐकत होत्या. मग त्यांनी मला थांबवलं.

"मास्तर, तुमी मधलं गाळताय. चाचानं वाचलं तवा त्यात माज्या आयचं पन नाव व्हतं."