न उठलेला डाग

"हलवू नका हो, ताक नाही ते." बोटाच्या पेराएवढी बाटली कुणी हातात घेतली की बाई हे म्हणणारच. मग स्वतः ती उजेडाकडे धरायच्या, नखाने दोनदा टिचकी मारायच्या आणि झाकणाला चिकटलेला थेंब खाली आणायच्या. एका थेंबासाठी एवढा जीव टाकणारी दुसरी बाई मी बघितली नाही.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमची प्रयोगशाळा होती. मी जोगेश्वरीहून यायचे आणि भांडी धुवायचे. भांडी काचेची, पण घासणं ते घासणंच. बाकी सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. मी बाई म्हणायचे, कारण त्या शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगायच्या आणि समजलं नाही तर न चिडता परत सांगायच्या.

आपल्या पेशी सारख्या आपली नक्कल काढतात. नक्कल काढताना चुका होतात, आणि त्या चुका दुरुस्त करायला पेशीत एक मिस्त्री असतो. तो मिस्त्री जागेवर आहे की नाही, ते त्या बाटलीतली अँटिबॉडी शोधायची. कॅन्सरच्या गाठीचा पातळ काप काचेवर चिकटवायचा आणि त्यावर तिचा थेंब टाकायचा. सापडला तर काचेवर तपकिरी डाग उठायचा. गाठीत डाग उठलाच नाही तर मिस्त्री गायब, आणि ही खोड पुष्कळदा घराण्यातून आलेली असते. मग भावंडं, मुलं, सगळ्यांनी तपासून घ्यायचं. वेळेवर कळलं तर माणूस वाचतो. मी चौथी शिकले, मला कळलं, तर तुम्हालाही कळेल.

बाटल्यांच्या फ्रिजमध्ये खायचं काही ठेवायचं नाही, असा त्यांचा नियम होता. एकदा कुणीतरी सोलकढी ठेवली. बाईंनी ओरडा केला नाही. सगळ्यांसमोर ती उभ्या उभ्या पिऊन टाकली आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे. उद्या ठेवलीत तर जास्त घाला."

लोक ओळखी काढून यायचे. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीतले एक गृहस्थ वडिलांच्या गाठीचा तुकडा घेऊन आले होते. बाईंनी त्यांना चहा पाजला आणि बाटलीवरचं लेबल दाखवलं. ही फक्त संशोधनासाठी आहे, हिच्यावरून रिपोर्ट द्यायचा नसतो. "ही बाटली शोधायला आहे, सांगायला नाही." मग स्वतः मोठ्या हॉस्पिटलात फोन लावून दिला, आणि जाता जाता बजावलं की तुम्ही आणि तुमची बहीण, दोघांनीही तपासून घ्या, लाजू नका.

एका मे महिन्यात बाई तीन आठवडे रजेवर गेल्या. पोटात खडे होते, काढले, म्हणाल्या. परत आल्या तेव्हा गळ्याची हाडं वर आली होती.

त्यानंतरच्या एका सोमवारी मी फ्रिज साफ केला. बाटल्यांचा ट्रे टेबलावर काढला आणि सकाळभर तिथेच विसरले. जेवणाच्या सुट्टीत लक्षात आलं तेव्हा गुपचूप आत ठेवला. नोकरी जाईल या भीतीने बोलले नाही. मंगळवारी बाईंनी एक काच रंगवली, डाग उठला नाही. बुधवारी परत रंगवली, परत तेच. काचेवर नेहमी पेन्सिलीने नंबर असायचा, हिच्यावर नुसता एक ठिपका. बाईंचा चेहरा बघवेना, म्हणून मी जाऊन सांगून टाकलं.

वाटलं होतं, आता पाणउतारा होणार. बाईंनी माझी दोन्ही मनगटं धरली. किती वेळ बाहेर होती, विचारलं. साडेनऊपासून जेवणापर्यंत, मी म्हटलं. त्या स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. "तुमच्या तोंडात साखर पडो, मावशी. खराब झाली असेल ना? झालीच असेल." एवढी शिकलेली बाई मला विचारत होती. मी काय सांगणार? झाली असेल, म्हटलं.

त्यांच्या हाताखाली एक मुलगी काम करायची. तिने काच बघायच्या मशीनला डोळा लावला आणि म्हणाली, "मॅडम, शेजारच्या चांगल्या पेशी तपकिरी आहेत. बाटली ठीक आहे. फक्त गाठच कोरी आहे."

गाठ कोरी दिसली तर आधी शेजार बघायचा, मग बाटलीला दोष द्यायचा, हे त्या मुलीला बाईंनीच शिकवलं होतं. बाईंनी तिला जेवायला पाठवलं.

मी विचारलं, "कुणाची काच आहे ही?"

"माझी. खडे नव्हते ते."

बाईंची आई चाळिशीत पोटाच्याच दुखण्याने गेली होती, आणि बाईंना एकुलती एक मुलगी, कॉलेजात. मी म्हटलं, आज घरी जाऊन तिला सांगा.

"मावशी, ही बाटली सांगायला नाही."

"मग जिथे सांगतात तिथे जा. नंबर तुम्हालाच पाठ आहे."

गेल्या. तिथेही तेच निघालं. मुलीची परीक्षा होऊ दे, म्हणाल्या. परीक्षा झाली. निकाल लागू दे. निकाल लागला. मी दर सोमवारी विचारायचे. एक दिवस काचा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, सांगितलं. मी विचारायचं बंद केलं.

पुढच्या वर्षी बाई गेल्या.

महिन्याभराने बाईंची मुलगी त्यांचं सामान न्यायला आली. मी पिशवी भरायला मदत केली. तपासून आलीस ना गं, मी सहज विचारलं.

"कसलं तपासून?"

आईने सांगितलं नाही का, मी म्हटलं. ती म्हणाली, आई सांगायची, हे फक्त माझ्या नशिबाचं आहे, तू घाबरू नकोस.

परक्या माणसांना दारापर्यंत जाऊन बजावणारी बाई, आणि पोटच्या पोरीला हे? खड्यांचं सोडलं तर इतक्या वर्षांत त्या माझ्याशी एकदाच खोटं बोलल्या. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले. तो राग अजून आहे.

मुलीला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. मिस्त्री, गाठ, आजी, आई. गोडी लावून बोलायला मला येत नाही, जसं होतं तसं सांगितलं. तुला असेलच असं नाही, पण बघावं लागेल, हेही सांगितलं.

आईचा पांढरा कोट तिच्या मांडीवर होता. ती उठली, कोट घडी न करताच पिशवीत कोंबला आणि म्हणाली, "कुठे जायचं असतं?"

मी चपला घातल्या.