कुलूपकाकांचा घेवडा

त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि काकांना त्यात आपला मानच वाटे. बाजारात असोत की पाणीवाटपाच्या बैठकीत, घेवड्याचा विषय निघाला की त्यांच्या तोंडाला कुलूप. तपकिरी रेघेचा, टपोऱ्या दाण्याचा तो घेवडा त्यांच्या वडिलांनी जपलेला. कधी पेरता, बी कसं निवडता, असं कुणी विचारलं तर ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. शेजाऱ्याची मोटर बंद पडली तर जेवण टाकून धावायचे. पण बी म्हणजे वडिलांची ठेव. ती वाटली की तिचं वाटोळं होणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

वडिलांनी सांगितलं होतं, बी धरायचं ते सगळ्यात भरलेल्या शेंगेचं. काकांनी ते इमानेइतबारे पाळलं. दर हंगामाला जाडजूड शेंग शोधायची, वाळली की बियाला बाजूला काढायची. दाणा खरोखर टपोरा होत गेला. पण त्यांच्या वाफ्यात जाड शेंगा धरणारी झाडं होती एक नंबरची आळशी, फुलायलाच वेळ लावणारी. नेमकं त्यांचंच बी धरून धरून अख्खा घेवडा उशिरा तयार व्हायला लागला, हे काकांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

कालवा उशिरापर्यंत वाहत होता तोवर खपून गेलं. मग पाणी लवकर बंद व्हायला लागलं. एका वर्षी शेंगा अर्ध्याच भरल्या, पुढच्या वर्षी त्याहून कमी. यंदा काका वाफ्यात उभे राहून शेंग उघडत होते, तर आत नुसती सुरकुतलेली सालं. बियापुरताही माल निघेना. वडिलांची ठेव आपल्या हातात संपणार, या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

त्याच सुमारास काकूंनी त्यांना उसवलेला सदरा देऊन शिंपीणताईंकडे पाठवलं. ताईंच्या दुकानामागे त्यांचे चार वाफे होते. ताईंनी मशीन थांबवून स्टूल पुढे केलं, पण काका बसले नाहीत. मागच्या दारातून त्यांना चटईवर वाळत घातलेले दाणे दिसले होते. दाणे बारके होते, पण तपकिरी रेघ तीच.

"हे बी कुठून आणलंत?"

"काकूंनीच दिलं की. झाली बरीच वर्षं."

काका सदऱ्यासकट तडक घरी आले. "घरातच भेदी निघाला!"

काकू भांडी घासत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "मूठभर दिलं. माझ्या बहिणीलाही दिलंय, तेव्हा राग एकदमच करून घ्या."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर दिलं असतंत?"

काकांनी सदरा खुंटीवर अडकवला. मग काकूच नरमल्या. "शिंपीणताईचा घेवडा पाणी बंद व्हायच्या आत घरात आलाय. जा, विचारा तिला."

उभ्या जन्मात काकांनी शेतीतलं कुणाला काही विचारलं नव्हतं. दोन दिवस ते अंगणात येरझारा घालत राहिले. द्यायला जड जाणाऱ्या माणसाला मागायला त्याहून जड जातं. शेवटी तोच सदरा निमित्ताला घेऊन गेले.

"तुमचा लवकर कसा येतो हो?"

ताई हसल्या. "मला धीर नाही, काका. पहिल्या शेंगा वाळल्या की त्या बियाला ठेवते आणि मोकळी होते. दाणा मात्र बारीक होत चाललाय. तुमच्यासारखा टपोरा कसा करायचा, ते कधीपासून विचारायचं होतं. पण तुम्हाला विचारणार कोण?"

काकांच्या ते जिव्हारी लागलं. ते स्टुलावर बसले. "वडिलांच्या वेळी पाणी होतं," ते म्हणाले. "त्यांचं चुकलं नाही. मीच नुसत्या शेंगा बघत बसलो, झाड कधी तयार होतं ते बघितलंच नाही. मूठभर बी द्याल?"

पुढच्या हंगामात दोघांनी मिळून निवड केली. लवकर वाळणाऱ्या झाडांना ताई चिंध्या बांधायच्या आणि त्यातली भरलेली शेंग काका शोधायचे. "ही चपटी आहे हो!" "असू दे, पहिली आलीय ना?" असं रोज भांडण. काकूंची बहीण आली, तिचं तिसरंच. तिच्या ओल्या जमिनीत टेकलेल्या शेंगा कुजायच्या, म्हणून ती उंच धरणारं झाड निवडायची. काकांनी तिचंही मूठभर बी मागून घेतलं. मागायची सवय लागली होती.

त्या निवडीचा घेवडा काकांनी पेरला, आणि पाणी बंद झालं तेव्हा शेंगा भरलेल्या होत्या. काकांनी एक उघडली. वडिलांच्या दाण्यापेक्षा दाणा जरा लहान होता. त्यांना वाईट वाटलं, आणि हायसंही वाटलं. बांधावरून जाणारा शेजारी थांबला. "जमलं की यंदा, काका!" एवढं म्हणून तो पुढे निघालासुद्धा. विचारायचं नाही, हे त्याला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

"अरे, थांब," काकांनी हाक मारली. "इकडे ये. आधी मी कुठं चुकलो ते सांगतो, मग बी देतो."