माणूस पडला की बॉल हातात

अन्याय झाला तो आमच्या स्टॉपरवर. गेल्या जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी, चंद्रपुरात, फुटबॉलच्या कप फायनलच्या दुसऱ्या हाफमध्ये, चार-पाच मिनिटं उरलेली असताना. स्कोर शून्य-शून्य होता. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे ही पोरगी मोघम बोलते असं पुढं कुणी म्हणायला नको. पत्रकं लिहून लिहून मला ती सवयच लागली आहे. कुणावर, कुठं, कधी, हे पहिल्या ओळीत आलं पाहिजे.

स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढं उभा राहून शेवटची वाट अडवतो तो. आमचा स्टॉपर भामरागडच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावचा. त्याचं नाव इथं घेत नाही. ते आधीच खूप चघळून झालं आहे. मी मूळची त्या गावची नाही. माझे वडील तिथल्या आश्रमशाळेत मास्तर, आम्ही कुरखेड्याकडचे. शाळेच्या मागच्या खोलीत मी वाढले आणि ही पोरं ज्या उतारावर खेळायची त्याच्या कडेला बसून अभ्यास केला. मग कॉलेज, मग संघटना, मग रस्त्यासाठी आणि दवाखान्यासाठी पत्रकं वाटत फिरणं. पोरांनी क्लब काढायचं ठरवलं तेव्हा अर्ज मी केले, म्हणून मॅनेजरही मीच झाले.

"ताई, तुले ऑफसाइड समजते का?" स्टॉपरनं विचारलं होतं.

"नाही."

"मंग तू मॅनेजरच होय," तो म्हणाला, आणि सगळी टीम माझ्याकडं बघून हसली.

आता त्या उतारावरचा नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळं घडलं.

स्टॉपरचा मोठा भाऊ फॉरवर्ड होता. चपळ, आणि नाटकी म्हणून गावभर प्रसिद्ध. जरा धक्का लागला की लोळायचा. एका पावसाळ्यात संध्याकाळच्या खेळात तो मैदानाच्या कडेला, गुडघाभर गवतात, घोटा धरून पडला. पोरं म्हणाली, झालं याचं सुरू. खेळ चालूच राहिला. गोल झाला, पोरं नाचली. नाचून झाल्यावर कुणीतरी त्याचा पाय पाहिला. साप चावला होता.

खाटेवर घालून त्याला नदीपर्यंत नेलं. पुलावरून पाणी होतं. पलीकडच्या काठावर रुग्णवाहिका येऊन उभी राहिलेली आम्हाला दिसत होती. त्यानं अलीकडच्या काठावरच जीव सोडला.

खरं तर दोष पुलाचा. मी तेव्हाही ओरडून सांगत होते, त्यावर माझं पहिलं पत्रक निघालं. पण पूल दरवर्षी बुडतो, त्याला कोण काय बोलणार? पोरांनी दोष स्वतःकडं घेतला. आपण नाचत होतो, एवढंच त्यांना आठवत राहिलं. त्यानंतर उतारावर नियमच झाला. माणूस पडला की बॉल हातात. जो जवळ असेल त्यानं बॉल उचलायचा, डोक्यावर धरायचा, आणि सगळ्यांनी थांबायचं. पडलेला आपला की समोरचा, खरा की नाटकी, विचारायचं नाही. तो उठला की ज्याचा बॉल होता त्याला परत. आजूबाजूच्या गावांतल्या टीमांनीही हे मान्य केलं. शिट्टी आमच्याकडं नव्हतीच कधी.

स्पर्धेत उतरताना मी पोरांना बजावलं होतं, इथं शिट्टी वाजेपर्यंत खेळायचं, बॉलला हात लावायचा नाही. त्यांना ते कळत होतं. सुरुवातीच्या सामन्यांत दोघा-तिघांचे हात पुढं जाऊन मागं आलेले मी पाहिले. तसं करत करत आम्ही फायनलला पोचलो. समोर चंद्रपूरचा क्लब. कोळसा खाणीच्या कॉलनीतली पोरं, सरावानं तयार झालेली, पायात चांगले बूट. शामियान्यात सोफे, सोफ्यांवर पाहुणे, माइकवर एक बोलका माणूस. आणि एका कोपऱ्यात नागपूरच्या कॅम्पसाठी पोरं निवडायला आलेले दोघं. हाफ टाइमला त्यांच्यातला एक माझ्यापाशी आला. "तो स्टॉपर कोण? वय काय त्याचं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग यंदाच. पुढच्या वर्षी वयात बसणार नाही."

मी हे स्टॉपरला सांगितलं. मैदानात परत जाताना त्यानं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, चांगली बांधलेली असताना.

मग ती शेवटची मिनिटं. त्यांचा फॉरवर्ड आमच्या गोलच्या चौकटीत घुसला. बॉल त्याच्या पायातून लांब गेला. गेलाच होता. तेव्हा तो घोटा धरून पडला आणि किंचाळला. त्याला कुणी शिवलंही नव्हतं. बॉल आमच्या स्टॉपरच्या पायाशी आला. एक लाथ मारली असती तर सामना पुढं गेला असता.

स्टॉपरनं पडलेल्या पोराकडं पाहिलं. वाकला, दोन्ही हातांनी बॉल उचलला आणि डोक्यावर धरला.

आमची बाकीची पोरं जागच्या जागी थांबली. मग शिट्टी वाजली. पेनल्टी. नियमानं बरोबर होती, त्याबद्दल माझं भांडण तेव्हाही नव्हतं, आजही नाही. फॉरवर्ड तोवर उठून चड्डी झटकत होता. पण माइकवरचा म्हणाला, "अरे बाप्पा, बॉल हातातच देऊन टाकला. किती मिळाले भाऊ?" सोफे हसले. मैदान हसलं. पेनल्टीवर गोल झाला, कप गेला, आणि बक्षीस वाटपाआधी आयोजकांनी जाहीर केलं की सामना विकल्याचा संशय आहे, चौकशी होईपर्यंत या खेळाडूवर बंदी. कॅम्पवाले वही मिटून निघून गेले.

परतीच्या गाडीत गोलकीपर म्हणाला, "काऊन उचलला बे?"

"पडला होता ना तो."

"नाटक करून राह्यला होता."

"दादाचं बी नाटकच वाटलं होतं आपल्याले," स्टॉपर म्हणाला.

त्यानंतर गाडीत मीही काही बोलले नाही. मला बोलता येतं म्हणून मला मॅनेजर केलं होतं.

नंतर मी आयोजकांकडं गेले. एकदा नाही, चपला झिजेपर्यंत. दर वेळी चहा मिळाला. "ताई, पुस्तकात असा काही नियम नाही," तिथले साहेब म्हणाले. मी म्हटलं, माहीत आहे. पेनल्टी तुमची, कपही ठेवा. 'विकला' हा शब्द मागं घ्या आणि बंदी उठवा. "चौकशी सुरू आहे." कोण करतंय चौकशी? साहेबांनी शेजारच्याकडं पाहिलं, शेजारच्यानं पंख्याकडं. मी भावाची गोष्ट सांगितली. "वाईट झालं," साहेब म्हणाले, "पण भावनेवर खेळ चालत नाई ना."

तो फॉरवर्डही मला भेटला. कॉलनीच्या गेटवर, हातात भाजीची पिशवी घेऊन. पोरगा वाईट नाही, हेच जड जातं.

"मले कुणी टच बी नाई केलं, ताई. बॉल लांब गेला म्हून पडलो. आमच्याइथी चालते असं."

"हे आयोजकांसमोर सांगशील?"

"माझं कॅम्पमध्ये नाव आलं आहे." मग हळूच, "त्याले सॉरी सांगजा."

"तूच सांग."

"कसा सांगू?" तो म्हणाला आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

इकडं आमचा स्टॉपर मैदानावर येत नाही. बाजाराच्या दिवशी पोरं त्याच्या मागून ओरडतात, "भाऊ, किती मिळाले?" त्याची आई मोह वेचायला जाते तर बाया तिच्याशी बोलतात, पण आधी एकमेकींकडं बघून. मी पत्रक काढते म्हटलं तर त्यानं हात जोडले. "राहू दे ताई, आणखी लोक वाचतीन."

आणि मागच्या आठवड्यात उतारावर लहान पोरं खेळत होती. कुणीतरी बाजारातून शिट्टी आणली आहे. एक पोरगं पडलं, गुडघा फुटला, रडायला लागलं. कुणी बॉल उचलला नाही. खेळ चालूच राहिला. स्टॉपर दूर कुंपणापाशी उभा होता. तो धावत आला, पोराला उचललं. त्यावर एक पोट्टा म्हणाला, "बॉलले हात नको लावजो हं." सगळे हसले. त्यानं रडणाऱ्या पोराला घरी पोचवलं आणि स्वतःच्या घरी निघून गेला.

कॅम्प अजून सुरू झालेला नाही. थोडेच दिवस उरले आहेत, आणि एकदा ते गेले की त्याचं वय परत येणार नाही.

तुम्ही त्या रविवारी मैदानावर होतात. नसाल, तर बॉल डोक्यावर धरलेल्या त्याचा व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर आला, तुम्ही हसलात आणि पुढं पाठवलात. त्याच ग्रुपवर आज लिहा की तो विकला गेला नव्हता. ज्या पानठेल्यावर उभं राहून बोललात तिथंच, त्याच लोकांसमोर, ते परत घ्या. मग आयोजकांच्या दारात माझ्याबरोबर येऊन उभे राहा, चहा घेऊ नका, आणि बंदी उठेपर्यंत तिथून हलू नका. आणि तू, भाजीची पिशवी धरणाऱ्या, तू सगळ्यांच्या पुढं उभा राहा.