वरातीतल्या गाडीचे चारी इंडिकेटर

भवानी पेठेत गाड्यांची वायरिंग करणाऱ्या शिवशरणचा एकच तोरा होता. त्याच्या हाताखालून गेलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत येत नसे. "वायर बोलते की! आपुन ऐकून घ्यावं," असं म्हणत तो टपरीसमोर उकिडवा बसे.

त्या सकाळी आबासाहेब कोरी गाडी घेऊन आले. संध्याकाळी पोराची वरात, इंडिकेटरला एलईडी पाहिजेत. शिवशरणनं बसवले, तर दिवे वेड्यासारखे फडफडायला लागले. एलईडी करंट कमी खातो, गाडीला वाटतं बल्ब गेला. सोबत जादा करंट खाणारा रेझिस्टर जोडला की वेग ताळ्यावर येतो. पण तो रेझिस्टर तापतो, म्हणून पत्र्यालाच आवळायचा. पुढचे दोन बसले. मागं भोक पाडावं लागणार होतं.

"भोक? लग्नादिवशी नव्या गाडीला भोक पाडतोस व्हय?"

"साहेब, पत्र्याला लावल्याबिगर..."

"टेपनं चिकटव की! दिवं वळतानाच जरा लागनार, तेवढ्यानं काय व्हतंय?"

शिवशरणनं मान डोलावली आणि दोन्ही रेझिस्टर डिकीतल्या प्लॅस्टिकला चिकटवले.

संध्याकाळी बेंजो वाजत वरात पेठेत शिरली. फुलांनी मढलेली गाडी गोगलगायीसारखी सरकत होती, चारी इंडिकेटर एका तालात उघडझाप करत होते. काय झ्याक काम झालंय, म्हणून शिवशरण हसला. आणि हसता हसताच त्यानं दिवे पुन्हा मोजले.

चारी! वरात निघाल्यापासून चालूच, डिकीतले रेझिस्टर तापतच असणार!

तो गर्दीत घुसला. "आबासाहेब, दिवे बंद करा!"

"ये, शिवशरण, नाच!" कुणीतरी त्याच्या डोक्यावर फेटाच ठेवला.

"डिकी उघडा आधी!"

"आहेराची लुगडी हायती तितं," नवरदेवाची आत्या गोजाबाई कडाडली. "आन् वरातीत दिवे विझवायला सांगतोस? जीभ झडो तुजी!"

जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. मागच्या सीटवर नवरा-नवरी मुंडावळ्या सावरत बसलेले. शिवशरणनं ड्रायव्हरच्या खिडकीतून हात घातला. ड्रायव्हरनं त्यावर चापट मारली, तरी त्यानं दिव्यांचं बटण दाबून ते बंद केलेच.

"खाली उतरा!" तो ओरडला. "आत रेझिस्टर तापलाय. मी चुकीचा बसवलाय!"

बेंजो थांबला.

डिकी उघडली. प्लॅस्टिक मेणासारखं ओघळलं होतं, वरच्या लुगड्याचा काठ करपून धुमसत होता. शिवशरणनं लुगडं रस्त्यावर फेकलं, पकडीनं वायरी तोडल्या. बोटं भाजली.

"माज्या सुनंच्या पाठीमागं जाळ ठेवलास?" आबासाहेबांचा आवाज फाटला.

चिकटव कोण म्हणालं? शब्द अगदी ओठावर आले. शिवशरणनं गिळले.

"व्हय, साहेब. पकड माज्या हातात हुती."

तेवढ्यात नवरी संस्कृती शालू सावरत खाली उतरली आणि सासऱ्याला म्हणाली, "मामा, घर कितीसं लांब हाय? मी चालत येते की."

"अगं बया, नवी सून चालत!" गोजाबाईनं गालाला हात लावला, पण पुढं होऊन तिचा शालूही उचलून धरला. बेंजो पुन्हा सुरू झाला.

"तू गाडीजवळनं हलायचं न्हाय," आबासाहेब जाता जाता म्हणाले.

चावी घेऊन ड्रायव्हरही वरातीबरोबर गेला होता आणि मागं रिक्षांनी हॉर्नचा कल्ला मांडला होता. शिवशरणनं भाजलेला हात बगलेत धरला आणि खांदा लावून एकट्यानंच गाडी कडेला ढकलायला घेतली.