तुतीची बॅट आणि मोठ्या बाई

लाकडाच्या कातकामाच्या शेडमध्ये दोन गोष्टी रोज साठायच्या: भुसा आणि किस्से. भुसा बंबात जायचा. किस्से मात्र अजून माझ्याकडेच आहेत, ते घ्या!

साठ-सत्तरच्या दशकातलं मुलुंड. नवऱ्याचा हात अधू झाला आणि लेथवर मी उभी राहिले. शिकवलं कुणी नाही. लाटणी, खाटेचे खूर, सगळं बघून बघून केलं. एक दिवस शेजारच्या मुलींच्या शाळेतले पीटीचे सर आले. "काकी, सॉफ्टबॉलची बॅट कराल?" बॅट कशी असते ते त्यांनी हवेत हात फिरवून दाखवलं. मी केली.

टीमची कॅप्टन कुसुम बॅट न्यायला आली. मधे जाड, दोन्ही टोकं बारीक!

"काकी, बॉल मारायचा की पोळ्या लाटायच्या?"

*

दुसरी सागवानाची. टोक जाड, मूठ बारीक, पॉलिश झकास. कुसुमने पहिलाच बॉल मारला. मूठ तिच्या हातात, बाकीची बॅट थेट हेडमिस्ट्रेसच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या, पायाशी!

मोठ्या बाईंना मुलींनी मैदानात धावणं आधीच पसंत नव्हतं. तुकडा उचलून म्हणाल्या, "आणखी एक बॅट मोडली, की हा खेळ बंद."

म्हणजे अकरा-बारा पोरींचा खेळ माझ्या लाकडावर! झोप उडाली हो.

*

माझी शाळा चौथीपर्यंत, पण लाकूड मी वाचते. तुकडे जुळवून पाहिले. लाकडाच्या रेषा मुठीत तिरप्या गेलेल्या, आणि जाडीपासून मुठीपर्यंतचा उतार मी एकदम आखूड काढला होता. मोडली नेमकी तिथेच. मग सरळ रेषेची तुती शोधायला वखारीत गेले. ढीग उपसायला लागले तसा वखारवाला हसला. "बाई, तुम्हाला लाकडातलं काय कळतं?"

"तुम्ही विकता. मी आतून बघते!"

या वेळी उतार लांब काढला, मुठीच्या शेवटी हात अडेल असा गोळा ठेवला. कुसुमने फिरवून बघितली आणि बॅट घेऊन थेट मैदानाकडे पळाली.

*

बॅटवर मी एक लाल ठिपका दिला. "हा आकाशाकडे धरायचा. बॉलसमोर आला तर लाकडाचे पापुद्रे सुटतील." पोरींनी मान डोलावली.

मग आला दसरा. पोरींनी बॅटची पूजा केली. प्रत्येकीने एकेक कुंकवाचं बोट लावलं, आणि माझा ठिपका कुठला ते कुणाला कळेना!

"वाट लावलीत गं माझ्या बॅटची!" ओलं फडकं घेऊन बसले. तेव्हापासून ठिपका तापल्या सळीने डागून.

*

मग बोरीवलीच्या टीमशी मॅच. शेवटची इनिंग, एक रन हवी, कुसुम बॅटिंगला. मोठ्या बाई पुढे, पट्ट्यांच्या लाकडी खुर्चीत. मी मागे, पदर तोंडात.

कुसुमने मारला. बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून गेला. आणि कडाड!

मी धावत पुढे. कुसुम जागच्या जागी थिजली, बॅट उलटीपालटी करून बघत. सर डोक्याला हात लावून. तडा? कुठेच नाही!

वळून बघते तर मोठ्या बाई बॉल बघायला खुर्चीवर चढलेल्या, पट्टी मोडून एक पाय आत अडकलेला, आणि तशाच उभ्या दोन्ही हात नाचवत ओरडतायत,

"कुसुम, बॅट काय बघतेस गं? धाव!"