घशाला रजा

"माझ्या घशाला रजा आहे, तुमच्या नाही," असं कुजबुजत, दोन बोटांनी गळा दाखवत ते वर्गात शिरायचे. मग कागद वाटून खुर्चीत बसायचे आणि तासभर तोंड उघडायचे नाहीत. कर्जतच्या आमच्या शाळेतल्या या इंग्रजीच्या सरांना असं गप्प बसलेलं पाहणं ही आम्हा जुन्या शिक्षकांची करमणूकच होती.

कारण त्याआधी त्यांच्याएवढा आवाज अख्ख्या तालुक्यात कुणाचा नव्हता. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो आणि माझी मुलं कविता म्हणता म्हणता मध्येच "धिस इज अ कॅट" म्हणून जायची. एस.टी. स्टँडवरच्या कंट्रोलरला त्यांचे धडे पाठ आहेत, असं आम्ही चिडवायचो. त्यावर ते खूश व्हायचे, ही खरी गंमत. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका दिवाळीनंतर तो आवाज बसला तो उठलाच नाही. नगरच्या डॉक्टरांनी बजावलं, वर्गात ओरडणं थांबवा, नाहीतर उरलासुरलाही जाईल.

तुम्हीआम्ही आजारपणाची रजा टाकली असती. यांनी चित्रांच्या प्रती काढायला घरातून एक ताट आणलं. त्यात जेली ओतायची, जांभळ्या शाईने काढलेलं चित्र तिच्यावर दाबायचं आणि कोरे कागद ठेवून एकेक प्रत उचलायची. हात कोपरापर्यंत जांभळे. उन्हाळ्यात जेली वितळायची, म्हणून ताट माठाला टेकवून ठेवायचे. "पाव्हणं जेवायला बसलं की ताट नेमकं शाळेत," अशी त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, तक्रार होती.

त्या कागदांवर असायचा आमचाच आठवडे बाजार, पण दोन तऱ्हेचा. एका चित्रात शेळ्या तीन, दुसऱ्यात दोन. एकात झाड, दुसऱ्यात नाही. जोडीतल्या दोघांनी एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही, इंग्रजीतूनच विचारायचं आणि फरक शोधायचे. वर्गात जो कालवा व्हायचा तो काय सांगू! आणि सर खुर्चीत हाताची घडी घालून, लग्नातल्या वरबापासारखे.

गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतंच म्हणा. चहा पांचट झाला तरी चिठ्ठी लिहून कळवायचे आणि रागावले की अक्षर मोठं काढायचे.

पण पालकांना हे पटेना. "सर गप बसत्यात आन् पोरं खेळत्यात," अशा तक्रारी येऊ लागल्या. शेवटी हेडसरांनी ठरवलं, यांच्याकडचं इंग्रजी काढायचं आणि यांना ऑफिसात बसवायचं. सरांनी चिठ्ठी पाठवली, "एकदा तास बघा, मग बसवा." त्या चिठ्ठीतलं अक्षर अगदी बारीक होतं. वर्ग गेला तर या माणसाकडे काय उरणार होतं?

सगळ्यात जास्त तक्रार करणाऱ्या पालकांना घेऊन हेडसर वर्गात आले. राशीनच्या वाटेवर मळा असलेले गृहस्थ. त्यांची मुलगी दहावीत होती. मीही मागच्या बाकावर जाऊन बसलो.

"हाऊ मेनी गोट्स?" त्यांच्या मुलीने विचारलं.

"थ्री," जोडीदार म्हणाला.

"नो! आय हॅव टू! व्हेअर इज थर्ड गोट?"

"अंडर द ट्री!"

"नो ट्री! नो ट्री इन माय बाजार!" ती उभी राहून ओरडली.

हेडसर व्याकरणाबद्दल काहीतरी पुटपुटले. वडिलांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, "गुरुजी, काय म्हंती ती?"

"शेळीवरून भांडतेय."

"भांडती? आमची? पाव्हणं आलं तर दाराआड उभी ऱ्हाती ती. चुलत्याम्होरं बी तोंड उघडत न्हाई." ते हेडसरांकडे वळले. मग म्हणाले, "हेडसर, विंग्रजी ह्यांच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

"अहो, पण ते शिकवतात कुठे?"

"त्ये मला न्हाई कळत. पोरगी बोलाय लागली, मला बास हाय."

सरांचे डोळे भरून आले होते. बाहेर पडताना मी म्हटलं, "रडायला परवानगी आहे का डॉक्टरांची?" त्यांनी मला खडू फेकून मारला.

निवृत्त होईपर्यंत इंग्रजी त्यांच्याकडेच राहिलं. नंतर ते श्रीरामपूरला मुलाकडे गेले आणि पुढच्याच उन्हाळ्यात वारले. आम्ही त्यांना शेवटचं पाहिलं ते निरोपाच्या कार्यक्रमात.

भाषणासाठी उठले, माईक धरला, पण नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तेवढ्यात सतरंजीवरून एक मुलगी उठली, "सर, आर यू हॅपी?"

सरांनी मान डोलावली. दुसरं कुणी उठलं, "आर यू गोइंग टू श्रीरामपूर?" पुन्हा होकार. "इज युअर न्यू हाऊस बिग?" सरांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली आणि मांडव हसला. चारी बाजूंनी प्रश्न येत राहिले. त्यांचं भाषण असं मुलांनीच पार पाडलं.

शेवटी पाचवीतली एक चिमुरडी उठली. "सर, विल यू कम अगेन?"

सरांची मान उभीही हलली नाही आणि आडवीही. ती मात्र उत्तराची वाट बघत उभीच राहिली.