पट्टीवरचं फोनचं बटण

तीन माणसं एका खोलीत वर्षानुवर्षं ॲप बनवत बसली की ॲपपेक्षा किस्सेच जास्त तयार होतात. आमचं ऑफिस रत्नागिरीत, नाचणे रोडला. त्यातले हे किस्से मात्र सगळे एकाच पट्टीचे.

लांज्याकडच्या एका गावाच्या मंडळासाठी आम्ही ॲप केलं. निम्मं गाव मुंबईत, म्हणून. त्यात माझ्या सहकाऱ्याने, संदीपने प्रत्येक माणसासाठी एक पट्टी बनवली: फोटो, नाव आणि फोनचं बटण. आमचे मालक सुर्वे सर, त्यांचा दंडकच आहे, एकदा बनवा आणि प्रत्येक स्क्रीनवर तीच बसवा.

लग्नसराईत संदीपने लग्नांच्या स्क्रीनसाठी पट्टीला गुलाबी किनार दिली. ती कार्यकारिणीच्या स्क्रीनवरही लागली आणि तीन दिवस सगळे पदाधिकारी नवरदेव दिसत होते. तक्रार एकाचीही नाही. काढली तेव्हा मात्र दोघांनी विचारलं, का काढली म्हणून!

मंडळाचे चिटणीस म्हणजे गुरुजी, निवृत्त शिक्षक. मोबाईलवर अक्षरं एवढी मोठी ठेवायचे की पट्टीत आडनाव मावायचंच नाही. अक्षरं जरा लहान करा, असं संदीपने सुचवलं.

"डोळे माझे जुने, पट्टी तुझी नवी. कोणी बदलायचं, सांग."

संदीप दोन दिवस पट्टी बदलत बसला होता.

गेल्या वर्षी गुरुजी गेले. आम्हाला घरचं माणूस गेल्यासारखं झालं. ॲपमध्ये आदरांजलीची स्क्रीन केली, त्यावर नेहमीची पट्टी बसवली. फोनचं बटण तसंच राहिलं, कोणाच्या लक्षातच आलं नाही.

लोक फोटो बघायला जात, बोट बटणावर पडे आणि फोन गुरुजींच्या नंबरवर लागे. उचलायच्या काकू, गुरुजींच्या पत्नी. मुलगा मुंबईला, घरात त्या एकट्याच. फोन लावणारा ओशाळून माफी मागायचा, मग पाऊण तास गप्पा.

अखेर मुंबईहून कोणीतरी तक्रार केली. सर भडकले, गेलेल्या माणसाला फोन लावायचं बटण ठेवतात का कोणी? संदीपने दहा मिनिटांत ते काढलं.

चार दिवसांनी ऑफिसात काकूंचा फोन आला. संदीपने स्पीकरवर टाकला.

"बाला, ह्यांचा मोबाईल बिघडला काय रे? चार दिस झाले, कुनाचा चुकून फोन नाय आला."

मोबाईल ठीक आहे काकू, असं संदीपने सांगितलं. फोन ठेवल्यावर आम्ही दोघं सरांकडे बघायला लागलो. सरांनी खिशातून स्वतःचा मोबाईल काढला आणि गुरुजींचा नंबर लावला.

"जयभीम काकू. माफ करा हां, चुकून लागला," म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.